पसनीचा भूकंप, मुंबईची लाट आणि सहा डिसेंबरची चौपाटी



२८ नोव्हेंबर आणि ६ डिसेंबर यांच्यात आठ दिवसांचे अंतर आहे. दरवर्षी या आठ दिवसांत दादरच्या शिवाजी पार्कवर मंडप उभे राहतात, पुस्तकांचे गठ्ठे उतरतात आणि विदर्भ-मराठवाड्यातून निघणाऱ्या गाड्या भरू लागतात. याच २८ नोव्हेंबरला, १९४५ साली, मुंबईच्या किनाऱ्यावर सकाळी सव्वाआठच्या सुमारास समुद्र अचानक वर चढला. पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेच हे वर्ष. पाणी सुमारे दोन मीटर चढले. दांडा, जुहू भागातल्या मासेमारीच्या होड्या दोर तुटून वाहून गेल्या. उपलब्ध नोंदींनुसार १५ माणसे ओढली गेली. त्यांतली पाच वर्सोव्याची आणि सहा हाजी अलीजवळची.

ती वादळाची लाट नव्हती. तिथून सुमारे १,२०० किलोमीटरवर, आज पाकिस्तानात असलेल्या मकरान किनाऱ्यासमोर, समुद्राच्या तळाशी जवळपास पाच तासांपूर्वी भूकंप झाला होता. मुंबईत पोहोचलेली लाट त्या भूकंपाची होती.

मुंबईला सुनामीचा धोका नाही, असे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. २००४ साली तमिळनाडूत हाहाकार उडाला तेव्हाही आपल्याकडे हेच बोलले गेले की ते संकट पूर्व किनाऱ्याचे. १९४५ ची लाट मात्र याच शहराच्या नोंदीत आहे. आपले लाखो लोक वर्षातून एकदा ज्या वाळूत उभे राहतात, ती वाळू याच किनाऱ्याची आहे. त्यामुळे हा विषय भूगोलाच्या पुस्तकात सोडून चालणार नाही, असे आम्हाला वाटते. घाबरवण्याचा हेतू नाही. भूकंप कसा झाला, लाट इतक्या दूर कशी आली, मधले पाच तास कुठे गेले आणि आज तेवढाच वेळ मिळाला तर आपले कार्यकर्ते त्याचे काय करतील, एवढेच मांडायचे आहे.

जमीन कशी हलली

मकरान म्हणजे बलुचिस्तानची दक्षिण किनारपट्टी. पसनी, ओरमारा, जिवानी, ग्वादर ही तिथली बंदरे. १९४५ साली तिथे मासेमारी करणारे बलुच लोक राहत. पाकिस्तान जन्मायचा होता. ग्वादर तर ओमानच्या सुलतानाच्या ताब्यात होते आणि १९५८ पर्यंत तसेच राहिले. भारतीय वेळेनुसार पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनी पसनीसमोरच्या समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला.

आपल्या पिढीला भूकंप म्हटले की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात विचारा. किल्लारीची तीव्रता ६.२ होती. आकड्यांत फरक १.९ चा दिसतो, पण हे मोजमाप साध्या बेरजेचे नाही. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशोबाने मकरानच्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या सातशे पटींच्या आसपास जाते. तरीही किल्लारीत माणसे कितीतरी जास्त मेली, कारण तो भूकंप झोपलेल्या गावांच्या खाली झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंती लोकांच्या अंगावर कोसळल्या. भूकंप किती मोठा होता यावरून किती माणसे मेली हे ठरत नाही. घर कसले होते, ते कुठे होते आणि माहिती कुणाकडे होती, यावर ते ठरते.

मकरानला भूकंप का होतात? पृथ्वीचे वरचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे आहे आणि या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. अरबी समुद्राचा तळ ज्या पट्टाचा भाग आहे, तो उत्तरेकडे सरकत मकरानच्या खाली घुसतो आहे. वेग वर्षाला साधारण २ ते ४ सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात जवळपास तेवढाच. पण हे सरकणे गुळगुळीत होत नाही. दोन पट्ट एकमेकांत अडकतात. खालचा ओढत राहतो, वरच्याची कड त्याच्याबरोबर वाकत जाते, आणि शेकडो वर्षांचा ताण असह्य झाला की ती कड सुटून उसळते. ही उसळी समुद्राखाली झाली की तिच्यावरचे सगळे पाणी एकदम उचलले जाते. १९४५ साली ओरमाऱ्याचा किनारा सुमारे दोन मीटर वर आला. पूर्वी जिथे लाटा येत तिथे कोरडी जमीन उरली.

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. समुद्रातून नवी बेटे वर आली आणि काही ठिकाणी आगीचे लोळ उठले. अशी दृश्ये पाहून दैवी कोपाच्या कथा तयार होतात. कारण मात्र साधे आहे. मकरानसमोरच्या तळावर कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. सरकणारा पट्ट त्याला पुढून ढकलतो, आणि सतरंजी ढकलल्यावर तिला घड्या पडाव्यात तशा त्या गाळाला घड्या पडतात. गाळात वायू अडकलेला असतो, मुख्यतः मिथेन. मोठ्या हादऱ्याने वाट मोकळी झाली की चिखल आणि वायू एकत्र वर उसळतात, आणि ठिणगी मिळाली तर वायू पेटतो. २४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानात आवारानला ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हाही ग्वादरसमोर असेच बेट वर आले होते. लोक होड्या घेऊन पाहायला गेले. काही वर्षांत लाटांनी ते धुऊन नेले.

१९४५ च्या बेटांचा अभ्यास भूगर्भशास्त्र सर्वेक्षण विभागाच्या व्ही. पी. सोंधी यांनी केला. भूकंपावरचा सविस्तर शास्त्रीय अहवाल हवामान खात्याचे सी. जी. पेंडसे यांनी लिहिला. आज जगभरचे संशोधक या घटनेबद्दल लिहितात, तेव्हा याच दोघांच्या लेखनापासून सुरुवात करतात.

विमानाच्या वेगाने निघालेली, सायकलच्या वेगाने पोहोचलेली

आपण चौपाटीवर पाहतो ती लाट वाऱ्याची असते. ती पाण्याच्या वरच्या थरात राहते, काही सेकंदांत येते आणि फुटते. सुनामीत तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे पाणी हलते. म्हणून खोल समुद्रात बोटीतल्या माणसाला ती जाणवतही नाही, आणि किनाऱ्यावर ती भिंतीसारखी फुटण्याऐवजी पुष्कळदा भरतीसारखी चढत येते. फरक एवढाच की सहा तासांची भरती काही मिनिटांत येते आणि थांबत नाही.

तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. तीन किलोमीटर खोलीच्या समुद्रात ती ताशी सहाशे किलोमीटरच्या पुढे धावते, प्रवासी विमानापेक्षा थोडी कमी. पण मुंबईसमोर समुद्र फार दूरपर्यंत उथळ आहे. बॉम्बे हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे आणि तिथेही पाणी ७५ मीटरच्याच आसपास खोल आहे. या उथळ पट्ट्यात शिरल्यावर लाटेचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या खाली येतो, आणि किनाऱ्याला टेकताना ती सायकलस्वाराच्या वेगावर उतरते. मकरानपासूनचे खोल पाणी ती दीडेक तासात ओलांडते आणि उरलेल्या उथळ पाण्यात तीन-साडेतीन तास घालवते. १९४५ साली भूकंपापासून मुंबईपर्यंत जवळपास पाच तास गेले ते यामुळे.

हा उथळ समुद्र मुंबईच्या बाजूचा आहे. तो लाटेची बरीच शक्ती खातो आणि वेळही देतो. पसनीला असली कुठलीच सवलत नव्हती. तिथे टपाल कचेरीसकट सरकारी इमारती वाहून गेल्या. जुनी वर्णने चाळीस फुटी लाट सांगतात, पुढच्या अभ्यासकांना ती फुगवलेली वाटते. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी नोंदली आहे. पसनीला सर्वांत विध्वंसक लाट भूकंपानंतर दीड-दोन तासांनी आली. हादऱ्याने समुद्रतळाचा उतार मागाहून घसरला असावा आणि ती लाट त्या घसरणीने उठली असावी, असे संशोधक मानतात. कराचीतही तसेच झाले. पहिली लाट साडेपाचला, मग सातला, मग सव्वासातला आणि शेवटची सव्वाआठला. यांत सर्वांत मोठी शेवटचीच होती. पहिली लाट ओसरली म्हणून सामान घ्यायला परत गेलेला माणूस अशा वेळी सापडतो. ही चूक जगात प्रत्येक सुनामीत झाली आहे.

मृतांचा आकडा ४,००० असा वर्षानुवर्षे छापला जातो. अलीकडे काही संशोधकांनी तेव्हाचे अहवाल तपासून तो ३०० च्या आसपास असावा असे म्हटले आहे. या दोन आकड्यांतले अंतर बरेच काही सांगते. साम्राज्याच्या टोकाला असलेल्या कोळ्यांची मोजदाद कुणी नीट केली नव्हती. सत्तर वर्षांनंतर पाकिस्तानातल्या अभ्यासकांनी त्या किनाऱ्यावर फिरून, वाचलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा कुठे त्या रात्रीला माणसांचे आवाज मिळाले. मुंबईतली पंधरा माणसे मात्र शास्त्रीय लेखांत आकड्यापुरतीच उरली आहेत.

तीन तास कुठे गेले

कराचीत पाणी साडेपाचला चढले आणि मुंबईत सव्वाआठला. मधे पावणेतीन तास होते. दोन्ही शहरे तेव्हा एकाच देशात, एकाच सरकारखाली, तारयंत्राने जोडलेली होती. कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापक यंत्र होते, आणि भूकंपाचे धक्के जमिनीतून इतक्या वेगाने जातात की मकरानचा हादरा काही मिनिटांतच मुंबईत पोहोचतो. म्हणजे खुणा होत्या, तारा होत्या, वेळही होता. हे सगळे जोडून वर्सोव्याच्या कोळ्याला ‘आज होडी वर ओढ, पाण्यापासून दूर हो’ असे सांगणारी व्यवस्था नव्हती. पॅसिफिक महासागरासाठीची इशारा व्यवस्थाही १९४६ साली हवाई बेटांवर सुनामी येऊन माणसे मेल्यानंतरच उभी राहिली. त्यामुळे १९४५ च्या अधिकाऱ्यांना फार दोष देता येत नाही.

२००४ ला मात्र देता येतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट पोहोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. मधल्या वेळात कार निकोबारचा हवाई दलाचा तळ बुडाला होता आणि तिथून मुख्य भूमीवर संदेशही गेला होता. हवामान खात्याने भूकंपाची माहिती देणारा फॅक्स पाठवला, तो आधीच्या सरकारातल्या विज्ञानमंत्र्यांच्या पत्त्यावर गेला, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. ते सरकार बदलून सात महिने झाले होते. भारतात दहा हजारांवर माणसे मेली, त्यांत निम्म्याहून अधिक एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात.

पाणी ओसरल्यावर काय झाले हेही आपल्या वाचकांनी विसरू नये. नागपट्टिनमच्या मदत छावण्यांत दलित कुटुंबांना वेगळे ठेवले गेले, काही ठिकाणी बाहेर काढले गेले, पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना हात लावू दिला गेला नाही. त्या वेळच्या बातम्यांत आणि मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत हे नोंदले गेले आहे. कुजलेले मृतदेह उचलायला इतर शहरांतून सफाई कामगार आणले गेले. ते कोणत्या जातींचे होते हे सांगायला नको. नुकसानभरपाईचा हिशोब होडी, जाळे आणि किनाऱ्यावरचे घर यांवर बेतलेला होता. दुसऱ्याच्या होडीवर मजुरी करणाऱ्या, मासे वाहणाऱ्या, मिठागरात किंवा शेतात राबणाऱ्या दलितांची बुडालेली रोजी त्यात बसत नव्हती. लाट सगळ्यांना सारखी असते असे म्हणतात. लाटेनंतरची यादी सारखी नसते.

आता उलट उदाहरण. सुमात्राजवळ सिमेउलुए नावाचे बेट आहे. २००४ च्या भूकंपाच्या केंद्राला ते अगदी जवळ, म्हणजे लाट काही मिनिटांत पोहोचणारी. लोकसंख्या सुमारे ७८ हजार. मृत्यू सात. तिथे १९०७ साली मोठी सुनामी आली होती आणि तिची आठवण लोकांनी ‘स्मोंग’ या शब्दात जपली होती. जमीन जोरात हलली, समुद्र मागे गेला की ‘स्मोंग’ ओरडायचे आणि डोंगराकडे धावायचे. आजीने नातवाला झोपवताना, गाण्यांतून, गोष्टींतून हे सांगितले जात असे. सरकारी यंत्र नव्हते, सायरन नव्हता, बेटावरचे बहुतेक लोक फारसे शिकलेलेही नव्हते. जलसे आणि भीमगीतांमधून खेडोपाडी विचार पोहोचवणाऱ्या आपल्या चळवळीला गाण्याची ही ताकद समजावून सांगण्याची गरज नाही.

पण सिमेउलुएची युक्ती मुंबईत जशीच्या तशी चालत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. तिथे जमीन हलणे हाच इशारा होता. मकरानचा भूकंप मुंबईत इतका क्षीण होऊन पोहोचतो की गर्दीत, गाड्यांच्या आवाजात, कुणाच्या लक्षातही येणार नाही. दूरच्या किनाऱ्याला बातमीवर अवलंबून राहावे लागते. बातमी पोहोचली नाही तर पाच तास असून नसल्यासारखे.

आज बातमी कशी येते

२००४ नंतर हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात सुनामी इशारा केंद्र उभे राहिले. ते ऑक्टोबर २००७ पासून काम करते आहे. समुद्राखाली मोठा भूकंप झाला की साधारण दहा मिनिटांत तिथून पहिले पत्रक निघते. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात खोल तळाशी दाब मोजणारी यंत्रे आहेत, किनाऱ्यावर भरतीमापक आहेत. लाट खरोखर उठली का, हे त्यांवरून कळते आणि पुढची पत्रके सुधारत जातात. हिंदी महासागराच्या देशांनी २०१४ आणि २०१८ साली केलेल्या संयुक्त सरावांत मकरानचा भूकंप गृहीत धरलेला होता. म्हणजे तज्ज्ञ ही शक्यता गंभीरपणे घेतात. मकरानच्या पश्चिमेकडच्या, इराणच्या बाजूच्या भागात तर आधुनिक काळात मोठा भूकंप झालेलाच नाही. तिथला ताण साचतो आहे का, यावर संशोधकांत वाद आहे.

पत्रकात तीन पायऱ्या असतात. पिवळी म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे लोकांनी चौपाटी आणि अगदी सखल किनारा सोडावा. लाल म्हणजे सखल भाग रिकामा करून लोकांना आत किंवा उंचावर न्यावे. मुंबईसाठी लाल पायरी येईलच असे नाही. मात्र चौपाटी रिकामी करायला नारिंगी पुरेशी आहे, हे ध्यानात ठेवावे. दोन मीटर पाणी ऐकायला फार वाटत नाही. वाहत्या पाण्यात गुडघाभर खोलीलाही माणूस उभा राहू शकत नाही.

यात भरती-ओहोटीचा हिशोब येतो. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी पाच मीटरपर्यंत चढते, भांगाच्या दिवशी चढ-उतार बराच कमी असतो. १९४५ ची २८ नोव्हेंबर ही कृष्ण अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची तिथी होती. उधाण नसताना ही स्थिती झाली. तीच लाट अमावास्या-पौर्णिमेच्या ऐन भरतीवर स्वार होऊन आली तर पाणी कुठवर येईल, याचा अंदाज दादर-माहीमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातले उधाण पाहिलेल्या कुणालाही करता येईल. आणि ऐन ओहोटीला आली तर कदाचित फार काही होणारही नाही.

चैत्यभूमीपुरते

७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. चैत्यभूमीचा स्तूप त्याच जागी, समुद्राला लागून उभा आहे. सहा डिसेंबरला तिथे येणाऱ्या लाखोंपैकी फार मोठा वर्ग अकोला, नांदेड, हिंगोली, यवतमाळ, नागपूर अशा जिल्ह्यांतून येतो. त्यांतल्या कित्येकांना समुद्र वर्षातून एकदाच दिसतो. दर्शन झाले की लोक वाळूत उतरतात, लहान मुलांना पाण्यात नेतात, फोटो काढतात. सुनामीत पुष्कळदा पाणी आधी मागे जाते. दूरवर तळ उघडा पडतो, मासे तडफडताना दिसतात. कोळीवाड्यातला माणूस वेळेचे गणित चुकले हे ओळखून सावध होईल. ज्याला ओहोटी किती वाजता आणि किती लांब जाते हेच माहीत नाही, तो पाहायला पुढे जाईल. १९४५ च्या किंवा २००४ च्या सुनामीत किनाऱ्यावर सापडलेल्या माणसापेक्षा आपला उपासक अधिक असुरक्षित आहे, आणि तो तिथे एकटा नसून लाखोंच्या गर्दीत आहे.

गर्दीचा दुसरा धोका लाटेहून मोठा असू शकतो. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी पावसाने अडकलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. ते स्थानक दादरच्या शेजारचे. सहा डिसेंबरच्या दुपारी कुणी ‘समुद्र आला’ असे ओरडले, किंवा मोबाइलवर एखादा जुना व्हिडिओ फिरवला, तर लाट नसतानाही अनर्थ होईल. म्हणून आम्ही म्हणतो की इशारा ओळखायला शिकणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच अफवा ओळखायला शिकणेही. दोन्हींचे उत्तर एकच आहे: बातमीचा उगम. हैदराबादच्या केंद्राचे पत्रक त्यांच्या संकेतस्थळावर उघड दिसते. त्यात भूकंपाची वेळ, जागा, तीव्रता आणि कोणत्या जिल्ह्यासाठी कोणती पायरी हे लिहिलेले असते. मुंबई महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे. या दोन ठिकाणी नाही ते मंचावरून बोलायचे नाही.

मकरानला भूकंप झाला तर आपल्या हातात चार तासांहून अधिक वेळ असेल. हे आकडे स्वयंसेवकांच्या डोक्यात पक्के बसले पाहिजेत, कारण घाई करण्याचे कारणच उरत नाही. चौपाटीवरून लोकांना शांतपणे, रांगेने, आंबेडकरी शिस्तीत पूर्वेकडे काढायला चार तास खूप झाले. समता सैनिक दल आणि इतर संघटनांचे स्वयंसेवक दर्शनाची रांग तासन्‌तास सांभाळतात. तीच माणसे, तीच शिट्टी, तोच दोर. फरक दिशेचा. सगळा लोंढा दादर स्थानकाच्या पुलांवर नेऊ नये. किनाऱ्यापासून काही गल्ल्या आत गेले की सुटका बरीचशी झालेली असते. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असलेल्या बायांना पक्क्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला पुरतो. पहिले पाणी ओसरल्यावर चपला-पिशव्या शोधायला कुणालाही वाळूत सोडू नये, कराचीची चौथी लाट लक्षात ठेवावी. केंद्राकडून धोका टळल्याचे पत्रक येईपर्यंत, मग ते यायला रात्र झाली तरी, चौपाटी बंद.

ओडिशाच्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन किनारी गावांना २०२० साली ‘सुनामीसज्ज’ अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यांनी केलेल्या गोष्टी महागड्या नाहीत: धोक्याचा नकाशा, बाहेर पडण्याच्या वाटेचे फलक, इशारा कोण घेणार आणि कोण पुढे देणार याची माणसे ठरवणे, वर्षाआड सराव. मासेमारांची गावे हे करू शकली. सहा डिसेंबरच्या तयारीसाठी महापालिका आणि पोलिसांबरोबर दरवर्षी बैठका होतात. तिथे पिण्याचे पाणी, शौचालये, वैद्यकीय पथके, जादा लोकलगाड्या यांवर बोलणे होते. त्याच कागदावर आणखी तीन ओळी मागता येतील. त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ मंडपाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा. चौपाटीवरून बाहेर जाण्याच्या वाटा दाखवणारे फलक मराठीत आणि हिंदीत लावा. आणि सुनामीचे पत्रक आले तर पालिकेचा कोणता अधिकारी आपल्या कोणत्या कार्यकर्त्याला, कोणत्या क्रमांकावर फोन करणार, हे दोघांची नावे लिहून ठरवा.